व्यसने आणि जुगार यांचा वस्तीपातळीवर प्रतिबंध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारू, तंबाखू, अमली पदार्थ आणि जुगार यांमुळे होणारी हानी आपल्या परिसरात रोखावी असे वाटणारे रहिवासी, पालक, शिक्षक, आरोग्यसेवक आणि स्थानिक समित्यांचे सदस्य जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

दारू-अमली पदार्थ आणि जुगार हे वेगवेगळे विषय आहेत. त्यांचा विचार एकत्र कशासाठी करायचा?

मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात जुगाराची समस्या पूर्वी आवेगांवर ताबा नसण्याच्या विकारांमध्ये धरली जात असे. २०१३ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीत ती तेथून काढून पदार्थांच्या व्यसनांच्या प्रकरणात घालण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेचे अकरावे वर्गीकरण २०२२ पासून लागू झाले, त्यातही ती व्यसनाधीन वर्तनांमध्येच मोडते. तलफ, मात्रा वाढवत नेण्याची गरज, थांबवायचे ठरवूनही न थांबणे आणि लपवाछपवी ही लक्षणे दोन्हींकडे दिसतात.

प्रतिबंधाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की दोहोंची मुळेही बरीचशी एकच आहेत. लहान वयात झालेली सुरुवात, घरातील सततचा ताणतणाव, शाळेशी तुटलेले नाते, हाताशी असलेली उपलब्धता आणि ‘एवढे तर चालतेच’ असे मानणारी आजूबाजूची मोठी माणसे या परिस्थितीत दोन्ही समस्या वाढतात. त्यामुळे एकच समिती आणि एकच आराखडा दोन्हींसाठी पुरतो. फरक आहे तो समस्या उघड होण्याचा. दारूला वास असतो आणि शरीर कधी ना कधी हार मानते. जुगाराला वास नसतो, झोकांड्या नसतात आणि कर्ज काढत राहण्याला शरीराची मर्यादा नसते. म्हणून जुगाराची समस्या घरात कळते तेव्हा बहुतेक वेळा सगळी बचत संपलेली असते.

प्रतिबंधाचे काम नेमके कोणासाठी करायचे? ज्यांना व्यसन लागले आहे त्यांच्यासाठीच ना?

व्यसन लागलेल्यांना उपचार हवेत आणि ते मिळालेच पाहिजेत. प्रतिबंधाचा परीघ मात्र मोठा आहे. अभ्यासक त्याचे तीन थर मानतात. पहिल्या थरात सगळेच येतात, म्हणजे शाळेतील सर्व मुले किंवा वस्तीतील सर्व कुटुंबे. दुसऱ्या थरात ज्यांच्या परिस्थितीमुळे धोका अधिक आहे असे गट येतात, उदाहरणार्थ ज्यांच्या घरात आधीच कोणी व्यसनाधीन आहे अशी मुले. तिसऱ्या थरात ज्यांच्यात सुरुवातीच्या खुणा दिसू लागल्या आहेत अशा व्यक्ती येतात.

पहिल्या थरावर वेळ घालवणे अनेकांना निरर्थक वाटते. याचे उत्तर ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८०च्या दशकात देऊन ठेवले आहे. त्यांनी दाखवून दिले की अतिशय धोक्यात असलेली माणसे थोडी आणि मध्यम धोक्यात असलेली पुष्कळ असल्यामुळे समाजातील एकूण हानीचा मोठा वाटा अनेकदा या मध्यम धोक्याच्या, सर्वसाधारण दिसणाऱ्या गटातून येतो. दारू पिऊन गाडी चालवणारा प्रत्येक जण व्यसनाधीन नसतो आणि पगार पैजेवर उडवणारा प्रत्येक जण जुगारी म्हणून ओळखला जात नाही. ‘त्या चार-दोन जणांना’ सुधारण्यावरच सगळी शक्ती लावली की उरलेल्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि पुढचे चार-दोन जण तयार होत राहतात.

शाळेत व्याख्यान, फेरी, प्रतिज्ञा, पोस्टर स्पर्धा असे कार्यक्रम आम्ही दरवर्षी करतो. ते पुरेसे आहेत का?

नाहीत. एवढेच होत असेल तर ते झाले काय आणि न झाले काय, फारसा फरक पडत नाही, हे जरा कठोर वाटले तरी स्पष्ट सांगणे भाग आहे.

याबाबतचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील ‘डेअर’ या कार्यक्रमाचे आहे. १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये तो सुरू झाला. गणवेशातील पोलीस अधिकारी वर्गावर येऊन अमली पदार्थांचे दुष्परिणाम सांगत आणि नकार द्यायला शिकवत. पालक, शिक्षक, पोलीस आणि राजकारणी या सर्वांना तो आवडला आणि देशभर पसरला. त्याचे वारंवार मूल्यमापन झाले, तेव्हा मात्र कार्यक्रम घेतलेली मुले आणि न घेतलेली मुले यांच्या पुढील काळातील सेवनात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. पुढे त्याचा अभ्यासक्रम बदलावा लागला. १९९८ पासून अमेरिकी सरकारने तरुणांसाठी चालवलेल्या प्रचंड खर्चाच्या जाहिरात मोहिमेचेही तसेच झाले. सेवन घटल्याचे दिसले नाही, उलट जाहिराती पाहिल्यावर ‘एवढ्या जाहिराती करतात म्हणजे सगळेच घेत असणार’ अशी काही मुलांची समजूत झाली असावी, अशी शंका मूल्यमापन करणाऱ्यांनी व्यक्त केली.

ही शंका नीट समजून घेण्यासारखी आहे. आपले किती मित्र पितात, किती जण पैज लावतात याचा अंदाज किशोरवयीन मुले नेहमीच फुगवून करतात. ‘आजची तरुण पिढी व्यसनांच्या विळख्यात’ असे व्यासपीठावरून सांगितले की त्या फुगवलेल्या अंदाजावर मोठ्यांचे शिक्कामोर्तब होते. सडलेल्या फुप्फुसांची चित्रे दाखवून घातलेली भीती फार काळ टिकत नाही, आणि ज्या मुलांना धोका पत्करायलाच आवडते त्यांना ते आव्हान वाटते. व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तीचे एकदाच ठेवलेले भाषणही मुलांसाठी फारसे उपयोगी ठरत नाही. समोर उभा असलेला माणूस सगळे करून पुन्हा सुखरूप परतला आहे, एवढेच काही मुलांच्या मनात राहते. हाच माणूस उपचार घेऊ पाहणाऱ्या प्रौढांच्या गटात मात्र अतिशय मोलाचा ठरतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने प्रतिबंधाची आंतरराष्ट्रीय मानके २०१३ साली प्रसिद्ध केली आणि जागतिक आरोग्य संघटनेसह २०१८ साली त्यांची दुसरी आवृत्ती काढली. त्यांचाही निष्कर्ष असाच आहे की केवळ माहिती देणे, भीती घालणे आणि एकदाच घेतलेले कार्यक्रम यांनी वर्तन बदलत नाही.

मग उपयोग कशाचा होतो?

ज्यांचा उपयोग सिद्ध झाला आहे अशा अनेक उपक्रमांमध्ये व्यसन हा शब्द क्वचितच उच्चारला जातो. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९८०च्या दशकाच्या मध्यावर पहिलीच्या वर्गांमध्ये एक साधा वर्गखेळ घेण्यात आला. शिक्षिका वर्गाचे गट पाडते, चांगल्या वागण्याचे नियम भिंतीवर लावते आणि ठरावीक वेळात ज्या गटाकडून नियमभंग थोडे होतात तो जिंकतो. सगळेच गट जिंकू शकतात. गटातील दांडगट मुलाला आवरण्याचे काम हळूहळू त्याचेच सवंगडी करू लागतात. ही मुले १९ ते २१ वर्षांची झाल्यावर त्यांची पुन्हा पाहणी केली, तेव्हा अमली पदार्थ आणि दारू यांच्या समस्यांचे प्रमाण, विशेषतः लहानपणी आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये, लक्षणीयरीत्या कमी आढळले. स्वतःला आवरता येणे आणि वर्गात आपल्याला स्थान आहे असे वाटणे, एवढेच त्या मुलांना सहाव्या-सातव्या वर्षी मिळाले होते.

दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी कुटुंबासह घेतले जाणारे उपक्रमही चांगले परिणाम दाखवतात. त्यांपैकी एका प्रसिद्ध कार्यक्रमात सात आठवडे, आठवड्यातून एकदा, पहिला तास पालक आणि मुले वेगवेगळी बसतात आणि दुसरा तास एकत्र. पालक नियम घालून ते प्रेमाने पाळून घ्यायला शिकतात आणि मुले ताण व मित्रांचा आग्रह हाताळायला शिकतात. शाळेतील वर्गातही संवादातून, अनेक सत्रांमधून जीवनकौशल्ये शिकवली तर उपयोग होतो.

आइसलँडचा अनुभव नेहमी सांगितला जातो आणि तो सांगण्यासारखा आहेही. १९९८ साली तेथील १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागच्या महिन्याभरात एकदा तरी झिंगेपर्यंत प्यायली होती. २०१६ साली हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले होते. तेथे दरवर्षी शाळांमधून सर्वेक्षण होते आणि प्रत्येक परिसराला त्याचे स्वतःचे आकडे लवकर मिळतात. पालकांनी एकत्र बसून मुलांच्या घरी परतण्याच्या वेळा ठरवल्या, खेळ-संगीतासारख्या गोष्टींसाठी कुटुंबांना अनुदान मिळाले, आणि दारू विकत घेण्याचे किमान वय २० व तंबाखूचे १८ ठेवून जाहिरातींवर बंदी घालण्यात आली. याच काळात इतर अनेक युरोपीय देशांतही किशोरांमधील मद्यपान घटत होते, हे मात्र विसरू नये. आइसलँडमधील सगळी घट या एका कार्यक्रमाची, असे म्हणणे घाईचे होईल. तेथून उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांची शिस्त : आधी मोजणे, मग ठरवणे, मग पुन्हा मोजणे.

खेळाचे मैदान किंवा क्लब सुरू केला की मुले आपोआप व्यसनांपासून दूर राहतात का?

आपोआप नाही. मोठ्यांची देखरेख, ठरलेली वेळ आणि नियमित शिकवणारा माणूस असेल तर मोकळ्या वेळाचा चांगला उपयोग होतो. ज्या मैदानावर संध्याकाळी कोणी मोठे माणूस फिरकत नाही, ते मुलांना एकत्र जमायची जागा तेवढी देते, आणि क्लबच्या स्पर्धेनंतर मोठेच बाटल्या उघडत असतील तर मुले तेही शिकतात.

दुकाने, भाव, वेळा यांवर निर्बंध घालून काय साधते? ज्याला करायचे तो करणारच.

ही समजूत सर्वांत चिवट आहे आणि पुरावा तिच्या सर्वांत विरुद्ध आहे. भाव वाढवणे, विक्रीची ठिकाणे व वेळा मर्यादित ठेवणे, वयाची अट खरोखर पाळायला लावणे आणि जाहिराती रोखणे या उपायांनी सेवन घटते, आणि ते भरपूर पिणाऱ्यांमध्येही घटते. स्कॉटलंडने २०१८ साली दारूच्या प्रत्येक एककाला (एक एकक म्हणजे सुमारे ८ ग्रॅम शुद्ध मद्यार्क) किमान ५० पेन्स भाव ठरवून दिला. नंतरच्या अभ्यासात असा अंदाज निघाला की निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू, निर्बंध नसता तर जितके झाले असते त्यापेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाले, आणि घट मुख्यतः गरीब वस्त्यांमध्ये दिसली.

जुगारातही असेच दिसते. नॉर्वेने २००७ साली दुकानादुकानांतील नाण्यांची जुगार यंत्रे एका फटक्यात काढून टाकली. लोक दुसऱ्या जुगाराकडे वळतील अशी भीती होती. काही वळलेही, पण एकूण जुगार आणि मदतवाहिनीकडे येणाऱ्या तक्रारी घटल्या. २००९ मध्ये यंत्रे परत आली ती प्रत्येक खेळाडूसाठी ओळखपत्र आणि तोट्याची सक्तीची मर्यादा घेऊन. ब्रिटनने २०१९ साली सट्ट्याच्या दुकानांतील एका प्रकारच्या यंत्रांवर एका वेळी लावता येणारी रक्कम १०० पौंडांवरून २ पौंडांवर आणली आणि २०२० साली क्रेडिट कार्डावर जुगार खेळण्यास मनाई केली.

कायदे करणे स्थानिक समितीच्या हाती नसते, पण असलेला कायदा पाळला जातो की नाही हे पाहणे असते. अल्पवयीनांना विक्री होते का याची नोंद ठेवणे, नव्या परवान्याला वेळेत लेखी हरकत घेणे, शाळेजवळच्या जाहिराती हटवण्यासाठी पाठपुरावा करणे, सार्वजनिक कार्यक्रमांना दारू किंवा सट्टा कंपन्यांचे प्रायोजकत्व न घेणे ही कामे फारशी गाजत नाहीत, पण फेरीपेक्षा कितीतरी पटींनी परिणाम करतात. एक सावधगिरी मात्र बाळगावी. चढ्या आवेशात सगळे एकदम बंद पाडले आणि मागणीबाबत काहीच केले नाही, तर चोरटा धंदा उभा राहतो. चोरट्या दारूत मिथेनॉल आले तर माणसे आंधळी होतात, मरतात.

शहाणीसुरती माणसेही जुगारात कशी अडकतात? हिशेब कळत नाही का त्यांना?

हिशेब अवघड नाही. रुलेट म्हणजे फिरत्या चाकावर टाकलेली गोळी कोणत्या घरात थांबते यावर पैसे लावण्याचा जुगार. त्याच्या युरोपीय पद्धतीच्या चाकावर ३७ घरे असतात आणि एका आकड्यावर लावलेले पैसे लागले तर ते परत मिळून वर त्यांच्या ३५ पट मिळतात. म्हणजे लावलेल्या प्रत्येक १०० मागे सरासरी २.७ मालकाकडे राहतात, आणि खेळ जितका लांबेल तितके हे निश्चित होत जाते. हे गणित ठाऊक असलेली माणसेही खेळतात, कारण हा खेळ गणितापेक्षा अपेक्षेवर चालतो.

मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते की बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की वर्तन सर्वांत चिवट बनते. जुगाराची यंत्रे नेमकी यावर बेतलेली असतात. तीन चाके फिरतात. पहिल्या दोन चाकांवर एकसारखी चित्रे थांबतात, तिसरे हळू होत होत तेच चित्र दाखवते आणि एक घर पुढे सरकून थांबते. हे निव्वळ हरणे आहे, पण खेळणाऱ्याला ‘थोडक्यात हुकले’ असे वाटते आणि हात पुन्हा बटणाकडे जातो. काही यंत्रे दहा लावून चार परत आले तरी विजयाचे दिवे आणि संगीत सुरू करतात. सहा गेल्याचे त्या गोंगाटात जाणवतही नाही.

दुसरा सापळा म्हणजे ‘आता पाळी आपलीच’ ही भावना. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटची गोळी लागोपाठ २६ वेळा काळ्या घरात पडली. प्रत्येक वेळी ‘आता तरी लाल येणारच’ असे म्हणून लोक लालवर अधिकाधिक पैसे लावत गेले आणि बुडाले. आधी काय पडले याची गोळीला आठवण नसते. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी आणखी खेळणे हीच पुढे समस्येची सर्वांत ठळक खूण बनते.

मोबाइलने यात दोन गोष्टींची भर घातली. पूर्वी जुगारासाठी कुठे तरी जावे लागे, आता अंथरुणात पडल्या पडल्या खेळता येते. आणि सामना चालू असताना पुढच्या चेंडूवरसुद्धा पैज लावता येत असल्याने दोन डावांमध्ये डोके थंड व्हायला वेळच उरत नाही.

मुलांच्या व्हिडिओ गेममध्ये पैसे देऊन बंद पेट्या घेतात, तो जुगारच का?

आत काय निघेल ते ठाऊक नसताना पैसे मोजायचे, ही रचना जुगाराचीच आहे. बेल्जियमने २०१८ साली अशा पेट्या आपल्या जुगारविरोधी कायद्याच्या कक्षेत येतात असे ठरवले. इतर अनेक देशांत त्यांना मुभा आहे. पालकांनी फोनला जोडलेले पैसे देण्याचे साधन काढून टाकावे, आणि मुलाला रागावण्याआधी त्या पेटीतून हवी ती वस्तू निघण्याची शक्यता किती, हे त्याच्यासोबत बसून पाहावे. आकडा पाहिल्यावर बरीच मुले स्वतःच चकित होतात.

घरातच मोठ्यांच्या देखरेखीखाली थोडी चव दिली तर मुलाला पुढे आकर्षण राहणार नाही, हे खरे का?

नाही. ऑस्ट्रेलियात किशोरवयीन मुलांची अनेक वर्षे पाहणी करून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पालकांनी दिलेल्या दारूचा कोणताही फायदा आढळला नाही. उलट अशा मुलांना पुढे बाहेरूनही दारू मिळण्याची शक्यता अधिक होती. मेंदूचा स्वतःला आवरणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, आणि सुरुवात जितकी लवकर तितका पुढे व्यसन जडण्याचा धोका अधिक. सुरुवात लांबवणे हेच पालकांच्या हातचे सर्वांत मोठे काम आहे. जुगारालाही हेच लागू होते. मुलाच्या नावावर ‘गंमत म्हणून’ पैज लावण्यात गंमत काही नाही.

सुरुवातीच्या खुणा कोणत्या?

कोणतीही एकच खूण पुरावा नसते, बदल पाहावा. झोपेची वेळ उलटणे, जुने मित्र आणि आवडी सुटणे, शाळेतील किंवा कामावरील दांड्या, अकारण चिडचिड या गोष्टी नैराश्यातही दिसतात, म्हणून आरोप करण्याआधी विचारपूस करावी. जुगाराच्या खुणा पैशांच्या व्यवहारात सापडतात. रात्री उशिरा लहान लहान रकमा जाणे, वेगवेगळ्या लोकांकडून वेगवेगळी कारणे सांगून घेतलेली उधारी, घरातील वस्तू नाहीशा होणे, बँकेची पत्रे किंवा संदेश कोणी पाहू नयेत याची धडपड आणि सामन्याच्या निकालावर हेलकावणारा मूड या त्यांपैकी मुख्य होत.

आरोग्यसेवकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची दारूविषयीची दहा प्रश्नांची चाचणी आणि इतर संशोधकांनी तयार केलेली जुगाराविषयीची नऊ प्रश्नांची चाचणी उपलब्ध आहे. एवढा वेळ नसेल तर जुगाराबाबत दोनच प्रश्न विचारले तरी पुष्कळ कळते : अधिकाधिक रक्कम लावावीशी वाटते का, आणि किती खेळता याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ आले तर पुढील तपासणी करावी.

घरातील कोणाला व्यसन आहे असे कळले तर काय करावे आणि काय टाळावे?

नशेत असताना किंवा नुकतेच हरल्यावर वाद घालू नये. शांत वेळी, काय पाहिले ते नेमके सांगावे आणि काय वाटते ते सांगावे. दूषणे देऊ नयेत. माणूस अगदी रसातळाला गेल्याशिवाय सुधारत नाही ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी बरीच वर्षे वाया जातात. कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन, चांगल्या वागण्याला दाद आणि नशेच्या वेळी दुरावा अशी रीत शिकवणारी एक पद्धत आहे. स्वतः उपचाराला नकार देणाऱ्या अनेक व्यक्ती कुटुंबाच्या या बदललेल्या वागण्यामुळे उपचाराला तयार झाल्या आहेत.

जुगाराचे कर्ज एकरकमी फेडून टाकू नये. हे निर्दयपणाचे वाटते, पण फेडलेल्या कर्जामुळे बहुधा पुढच्या खेळाला मोकळीक मिळते. त्याऐवजी सगळ्या देण्यांची यादी करून हप्ते ठरवावेत, पैशांचे व्यवहार काही काळ विश्वासातल्या दुसऱ्या व्यक्तीकडे द्यावेत, आणि जिथे सोय आहे तिथे जुगाराच्या ठिकाणी व संकेतस्थळांवर स्वतःला बंदी घालून घ्यावी.

तीन बाबतींत हयगय करू नये. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. अफूजन्य पदार्थांचे सेवन काही आठवडे थांबले की शरीराची सहनशक्ती उतरते, आणि उपचार केंद्रातून किंवा तुरुंगातून आल्यावर घेतलेला जुना डोस जीवघेणा ठरतो. अशा वेळी श्वास परत आणणारे नॅलोक्सोन हे औषध जिथे मिळते तिथे घरात ठेवावे व ते कसे द्यायचे ते शिकून घ्यावे. तिसरी बाब आत्महत्येची. जुगारातील कर्ज उघडकीस येते ते दिवस विशेष धोक्याचे असतात. मनात मरणाचे विचार येतात का, असे सरळ विचारल्याने ते विचार मनात घातले जात नाहीत. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

व्यसनींची नावे फलकावर लावली किंवा पकडलेल्या विद्यार्थ्याला शाळेतून काढले तर वचक बसणार नाही का?

वचक बसतो तो मदत मागणाऱ्यांवर. नाव जाहीर होईल या भीतीने माणूस आणखी वर्षभर गप्प राहतो आणि त्याची बायको-मुले त्याच्यापेक्षा अधिक गप्प राहतात. विद्यार्थ्याच्या बाबतीत तर शाळेशी असलेले नाते हेच एक मोठे संरक्षण असते. ते तोडून त्याला दिवसभर मोकळे सोडण्यातून काय साधणार? विक्री करणाऱ्या टोळीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो पोलिसांचा आहे. सेवन करणाऱ्या मुलासाठी पालकांची बैठक, समुपदेशन आणि शाळेतच राहून पाळायच्या अटी असा लेखी मार्ग आधीच ठरवून ठेवावा, म्हणजे ऐन वेळी संतापाच्या भरात निर्णय होत नाहीत.

दारू किंवा जुगार कंपनीने जनजागृतीसाठी निधी देऊ केला तर घ्यावा का?

घेऊ नये. ‘जबाबदारीने प्या’, ‘मर्यादेत खेळा’ असे फलक सगळा भार गिऱ्हाइकावर टाकतात आणि उपलब्धता, भाव, जाहिरात या परिणामकारक मुद्द्यांवर समितीचे तोंड बंद होते. तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार २००५ साली अमलात आला. त्याच्या कलम ५.३ नुसार आरोग्यधोरण तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून सुरक्षित ठेवणे हे सदस्य देशांचे कर्तव्य आहे. हा शहाणपणा इतर उद्योगांच्या बाबतीतही वापरायला हरकत नाही.

समितीचे काम कोठून सुरू करावे?

सभा आणि उद्घाटन यांच्या आधी परिसर पायी फिरावा. एकदा शाळा सुटण्याच्या वेळी आणि एकदा अंधार पडल्यावर, हातात साधा नकाशा घेऊन फिरले की दिसू लागते : शाळेच्या फाटकापासून पहिले तंबाखूचे दुकान किती पावलांवर आहे, गोळ्यांच्या बरणीशेजारी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर काय मांडले आहे, कोणता दिवा बंद आहे, रिकाम्या इमारतीच्या जिन्यात काय पडले आहे, बसथांब्यावर कोणत्या पैजेच्या ॲपची जाहिरात आहे. या फेरीत दोन-तीन किशोरवयीन मुले सोबत असावीत. मोठ्यांना जे दिसत नाही ते त्यांना बरोबर ठाऊक असते.

त्यानंतर शाळांमधून निनावी सर्वेक्षण करावे. कागदावर नाव, हजेरी क्रमांक किंवा हस्ताक्षरावरून ओळख पटेल असे काही नसावे, आणि एखाद्या गटात मुले इतकी थोडी असतील की उत्तरावरून मूल ओळखता येईल, तर त्या गटाचे आकडे जाहीर करू नयेत. मुलांचा एकदा विश्वास उडाला की पुढच्या वर्षीची उत्तरे खोटी येतात. आकडे हाती आल्यावर दोन किंवा तीनच मुद्दे निवडावेत. दहा मुद्दे घेतलेल्या समित्या वर्षअखेरीस कोणत्याच मुद्द्यावर पोचत नाहीत.

समितीत आरोग्यसेवक, शिक्षक, पोलीस, दुकानदार, पालक, तरुण आणि व्यसनातून बाहेर आलेली किमान एक व्यक्ती असावी. दुकानदाराला शत्रू मानून बाहेर ठेवण्यापेक्षा आत घेतलेले बरे. वयाचा पुरावा मागणे सगळ्यांनी एकदम सुरू केले तर एकट्याचे गिऱ्हाईक तुटत नाही, हा मुद्दा त्याला पटतो.

परिणाम केव्हा दिसतील आणि ते कसे ओळखायचे?

वॉशिंग्टन विद्यापीठातील डेव्हिड हॉकिन्स आणि रिचर्ड कॅटालानो यांनी विकसित केलेल्या, आधी सर्वेक्षण करून मग उपक्रम निवडण्याच्या वस्तीपातळीवरील पद्धतीची चाचणी २००३ पासून अमेरिकेतील सात राज्यांमधल्या २४ लहान शहरांत झाली. चिठ्ठ्या टाकून निम्म्या शहरांना ही पद्धत देण्यात आली. पाचवीतील मुले आठवीत गेली तेव्हा या शहरांत दारू आणि सिगारेट सुरू करणाऱ्यांचे प्रमाण इतर शहरांपेक्षा कमी होते. म्हणजे नीट शिस्तीने केले तरी काही वर्षे लागतातच, आणि एका वर्षात ‘व्यसनमुक्त वस्ती’ जाहीर करणाऱ्या पाटीवर विश्वास ठेवू नये.

पहिल्या वर्षी सेवनाचे आकडे पाहण्यापेक्षा कामाचे आकडे पाहावेत : किती दुकाने वयाचा पुरावा मागू लागली, कुटुंबसत्रांना सुरुवातीला आलेल्यांपैकी शेवटपर्यंत किती टिकले, किती पालकांना मुलांच्या मित्रांची नावे ठाऊक आहेत. मदत मागायला येणाऱ्यांची संख्या सुरुवातीला वाढली तर घाबरू नये. लपून राहिलेली माणसे पुढे येऊ लागली, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. या वाढीसाठी समुपदेशकाच्या वेळा आधीच वाढवून ठेवाव्यात, कारण पहिल्यांदा धीर करून आलेल्या माणसाला तीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली तर तो सहसा परत येत नाही.